बाबा, फुंका!

इस्पितळाच्या दुसऱ्या मजल्यावर, एक्स-रेच्या खोलीच्या पुढे, एक कायम बंद असलेलं दार होतं. दारावर पाटी होती, पण ती वाचायची वेळ कुणावर येत नसे. आतून येणारा आवाजच सगळं सांगायचा. "घ्या श्वास! घ्या, घ्या, अजून घ्या... आता फुंका! जोरात! अजून, अजून, अजून! थांबायचं नाही! सोडा सगळं, सोडा!" बाकावर बसलेला नवा पेशंट दचकून शेजारच्याकडे बघायचा. शेजारचा जुना असला तर हसायचा. "घाबरू नका हो. आमची तोफ आहे ती. बाहेर येताना पेपरमिंटची गोळी देते."

तोफ म्हणजे बाई केवढी? खुर्चीत बसली की पाय जमिनीला जेमतेम टेकायचे. फुप्फुसांची ताकद मोजणाऱ्या यंत्रावर ती कामाला होती. आता कुणी म्हणेल, यंत्र मोजतंय तर बाईनं ओरडायचं कशाला? तेच तर! रक्त तपासायचं तर माणूस नुसता हात पुढे करतो. एक्स-रे काढायचा तर नुसता उभा राहतो. इथे मात्र माणसानं स्वतः जीव तोडून फुंकलं तरच यंत्राला काही कळतं. आणि माणसं जीव तोडून फुंकतात होय! चहाच्या कपावर फुंकर घालावी तसं काहीतरी करतात आणि वर विचारतात, "झालं?" झालं कसलं डोंबल. छाती गच्च भरायची, पुठ्ठ्याची नळी ओठांत घट्ट धरायची, एका दमात सगळी हवा बाहेर फेकायची आणि वर निदान सहा सेकंद फुंकतच राहायचं. तेही एकदा नाही, तीनदा. कुणी मागे लागल्याशिवाय हे होत नाही. म्हणून तोफ मागे लागायची. इतकी लागायची की दर पेशंटबरोबर नकळत तीही फुंकायची, आणि जेवणाच्या सुट्टीपर्यंत तिला गरगरायला व्हायचं.

ओरडण्याआधी मात्र ती गोडीनं समजावून सांगायची. टेबलावर तिनं स्वतः बनवलेली एक बाटली होती. प्लास्टिकची, बूड कापलेली, बुडाला ताणून बसवलेलं रबर आणि आत लोंबकळणारे दोन फुगे. रबर खाली ओढलं की फुगे फुगायचे, सोडलं की बसायचे. "बघा आजोबा," ती म्हणायची, "हे फुगे म्हणजे तुमची फुप्फुसं. एक नंबरची आळशी. त्यांना स्वतःचा स्नायूच नाही. सगळं काम हा खालचा पडदा करतो, छाती आणि पोटाच्या मधला. तो खाली सरकतो, बरगड्या वर उचलल्या जातात, आत जागा होते, आणि हवा आपसूक आत येते. आपण हवा ओढतो असं आपल्याला वाटतं. आपण नुसती जागा करून देतो."

मग नाकाचं कौतुक. नाक हवा गाळून घेतं, ओली करतं, ऊबदार करतं, मगच पुढे सोडतं. पुढे श्वासनळीचे दोन फाटे, त्या फाट्यांना आणखी फाटे, ते बारीक बारीक होत जातात आणि टोकाला द्राक्षाच्या घडासारख्या इवल्या पिशव्या. "पिशवीची भिंत इतकी पातळ की अलीकडे हवा आणि पलीकडे रक्त. रक्त चांगली हवा उचलतं, वापरलेली परत करतं, आणि ती आपण बाहेर टाकतो. नळ्या मोकळ्या आहेत की आवळल्यात, ते मला बघायचंय. तेव्हा लाजायचं नाही. तयार?" पेशंट गोड हसून मान हलवायचा, आणि पुढच्याच क्षणी त्याच्या कानठळ्या बसायच्या.

आता गंमत ऐका. हीच बाई घरी गेली की मांजर.

त्यालाही कारण होतं. घर सासऱ्यांच्या क्लॅरिनेटचं. सासरे गावाच्या बँडमध्ये पहिले क्लॅरिनेटवाले, दर रविवारी संध्याकाळी बागेतल्या गोल चौथऱ्यावर बँड वाजायचा आणि अर्धं गाव बाकांवर येऊन बसायचं. त्यासाठी घरी रोज सकाळ-संध्याकाळ रियाज. रियाजाच्या वेळी भांडं आपटायचं नाही, मिक्सर लावायचा नाही, दाराची कडी वाजू द्यायची नाही. त्यांनी कधी कुणाला दटावलं नव्हतं बरं का. नुसतं वाजवायचं थांबवून ते भुवया वर करायचे, आणि तेवढ्यानं घर गप्प व्हायचं. सासूबाई तर इतक्या सरावल्या होत्या की मीठ कमी आहे हेसुद्धा डोळ्यांनी सांगायच्या. सून आली तीही त्यातच मिसळून गेली. पाहुण्यांना सासरे मोठ्या अभिमानानं सांगायचे, "आमची सूनबाई म्हणजे घरात आहे की नाही कळत नाही हो!" त्यावर तिचा नवरा खोकल्याचं निमित्त करून उठून जायचा. तो एकदा विसरलेला डबा द्यायला इस्पितळात गेला होता आणि आत मारामारी चाललीये असं समजून दार ढकलून घुसला होता. पण घरी त्यानं कधी ब्र काढला नाही. बायकोचं गुपित त्यानं जिवापाड जपलं.

तर त्या वर्षी थंडीत सासऱ्यांना सर्दी झाली आणि ती छातीत उतरली. सर्दी गेली, पण दम गेला तो काही परत आला नाही. एका रविवारी बागेत त्यांचा एकट्याचा लांब सूर यायचा होता. सगळा बँड थांबतो, क्लॅरिनेट एकच सूर धरून ठेवतं, धरून ठेवतं, आणि मग बाकीचे एकदम सुरू होतात. लोक त्या सुराचीच वाट बघत बसायचे. सूर सुरू झाला, आणि मध्येच विझला. बँडमास्तर नवा होता, तरुण होता, पण माणूस वाईट नव्हता. त्यानं बाजूला घेऊन सांगितलं, "काका, एकदा छातीची तपासणी करून घ्या. रिपोर्ट चांगला आला तर खुर्ची तुमचीच. नसेल तर उगाच ताण नको. मी तुम्हाला ट्रँगल देतो."

ट्रँगल! काडीनं टिंग करायचा तो लोखंडी त्रिकोण! सासरे घरी येऊन दोनदा तेवढा एकच शब्द बोलले. "ट्रँगल वाजवणं म्हणजे वाजवणं आहे का? ते दार वाजवणं झालं!" आणि मग त्यांना खरंच वाईट वाटलं. ते खिडकीशी जाऊन उभे राहिले. क्लॅरिनेट गेलं तर आपण कोण, हे त्यांना माहीत नव्हतं.

गावात तपासणीचं यंत्र एकच होतं. ते कुणाच्या हाताखाली होतं, हे आता सांगायला नकोच.

तपासणीच्या दिवशी ते कडक इस्त्रीचा शर्ट आणि बँडचे काळे बूट घालून आले. सून इस्पितळात कसल्याशा यंत्रावर असते एवढंच त्यांना ठाऊक होतं. पांढऱ्या कोटात तिला बघून त्यांचा चेहरा खुलला. "अरे, तूच आहेस होय! म्हणजे घरचाच मामला!" तिनं बाटली दाखवली, रबर ओढलं, फुगे फुगवले. सासरे शाळेतल्या पोरासारखं ऐकत होते. "हा पडदा आम्हाला शिकवणाऱ्यांनी पोटात बुक्क्या मारून शिकवला," ते म्हणाले. मग तिनं त्यांच्या नाकाला चिमटा लावला, म्हणजे हवा फक्त तोंडातूनच यावी. चिमटा लावलेले सासरे बघून हसू यायला हवं होतं. आलं नाही. त्यांनी छाती भरली, नळी ओठांत धरली आणि तिच्याकडे बघितलं.

आता ओरडायचं.

तिनं तोंड उघडलं आणि दातखीळच बसली. समोर ज्यांच्या नुसत्या भुवया वर गेल्या की हातातलं भांडं अलगद खाली ठेवायचं, ते बाबा. त्यांच्यावर खेकसायचं? काही साधं काम आहे का ते! शेवटी जो आवाज निघाला तो, जेवताना आणखी वाढू का विचारावं तसा निघाला.

"बाबा... फुंका ना."

बाबांनी फुंकलं. काय सुंदर फुंकलं! संथ, एकसारखं, कुठेही धक्का नाही. यंत्राच्या पडद्यावर जिथे उंच सुळका उभा राहायला हवा, तिथे एक बुटकी गुळगुळीत टेकडी तयार झाली. दुसऱ्यांदा तीच टेकडी. तिसऱ्यांदाही तीच. तिन्ही फुंका वेगवेगळ्या आल्या असत्या तर यंत्रानं तक्रार केली असती. पण जन्मभर सूर धरलेल्या माणसानं तिन्ही वेळा तसूभरही फरक पडू दिला नाही, आणि यंत्रानं मुकाट्यानं रिपोर्ट छापून दिला.

"ही ठिपक्यांची रेघ कुणाची?" सासऱ्यांनी कागदावर बोट ठेवलं.

"तुमच्या वयाच्या, उंचीच्या माणसाची बाबा. असायला हवी तशी."

ती रेघ वर गेली होती आणि त्यांची टेकडी तिच्या निम्म्यावर बसली होती. त्यांनी कागदाची नीट घडी घातली. "बरं," म्हणाले, आणि पेपरमिंटची गोळी न घेता निघून गेले.

संध्याकाळी त्यांनी क्लॅरिनेटचे तुकडे सुटे केले, एकेक पुसला, पेटीत ठेवला आणि पेटी कपाटावर टाकली. घरात आता हवा तेवढा आवाज करायला कुणाची ना नव्हती. तरी सासूबाई भांडी तशीच हळूच ठेवत राहिल्या. जेवताना सासऱ्यांनी चमचा घेऊन पाण्याच्या पेल्यावर एकदा टिंग केलं. "ट्रँगलची तालीम," ते म्हणाले आणि स्वतःच हसले. बाकी कुणी हसलं नाही. सुनेनं ताट बाजूला सारलं. आपण मेलं नुसतं मुळमुळीत पुटपुटलो, आणि बाबांचं असं झालं, हे तिला आतून खात होतं.

सकाळी छातीच्या डॉक्टरीणबाईंनी तिला बोलावलं. त्यांची खोली तिच्या खोलीला लागूनच, मध्ये एक भिंत. "हा रिपोर्ट कुणी केला गं?"

"मीच."

"तू? काल? मला तर काही ऐकू आलं नाही. मला वाटलं तू रजेवर आहेस."

ती खाली बघत म्हणाली, "सासरे आहेत माझे."

डॉक्टरीणबाईंनी चष्मा काढून ठेवला आणि डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसल्या. "अगं, तुझा आवाज ऐकून मी ठरवते रिपोर्टवर भरवसा ठेवायचा की नाही! यंत्राला सासरा-बिसरा कळत नाही. बोलाव त्यांना परत. असल्या टेकडीवरून मी कुणाला औषध देणार नाही."

"पण बाई, तिन्ही वेळा अगदी सारखंच आलं."

"तेच मला कळत नाहीये. करतात काय ते?"

"क्लॅरिनेट वाजवतात," ती म्हणाली, आणि म्हणता म्हणता तिच्या डोक्यात प्रकाश पडला. रोज सकाळी ती ऐकत आली होती. क्लॅरिनेटच्या तोंडाशी असलेल्या बारीक फटीतून हवा जातेच इतकुशी. बाबा छाती भरून घ्यायचे आणि ओठांशी अडवून, जपून जपून सोडायचे. काल त्यांनी नळीत फुंकलंच नव्हतं. त्यांनी नळी वाजवली होती!

सासरे मात्र परत यायला तयार होईनात. एकदा लागला तेवढा निकाल पुरे, म्हणाले. सुनेनं हळू आवाजात दोनदा विनवलं, नवऱ्यानं एकदा विनवलं, उपयोग शून्य. शेवटी सासूबाई उठल्या. आयुष्यात पहिल्यांदाच असेल, त्या डोळ्यांनी न बोलता तोंडानं बोलल्या. "अहो, ट्रँगल वाजवणार असाल तर मी रविवारी बागेत यायची नाही. आत्ताच सांगून ठेवते. चला, बूट घाला."

त्या स्वतः बरोबर आल्या आणि बाहेर बाकावर बसल्या. आत सुनेनं दार लावून घेतलं.

"बाबा, एक विचारू? वाजवताना तुम्ही सगळा श्वास सोडता का हो कधी?"

"छे! वेडी का काय तू? हातचं राखूनच वाजवायचं असतं. श्वास संपला की सूर पडला."

"इथे राखायचं नाही. तुम्ही राखलं नाही तरी शरीर राखतं. कितीही जोर लावा, फुप्फुसांत थोडी हवा उरतेच. ती फुंकून बाहेर पडतच नाही, नाहीतर आतल्या पिशव्या मिटून जातील. तुमची शिल्लक कुठेही जात नाही, बाबा."

सासरे जरा वेळ बाटलीतल्या फुग्यांकडे बघत राहिले. इतकी वर्षं त्यांना वाटत होतं की ती शिल्लक तेच सांभाळतायत. "नक्की?"

"नक्की. आणि आणखी एक. आता जे होईल त्याबद्दल रागावू नका. घरी गेल्यावर मी परत तुमची सून."

"रागवायचं कशाला?"

"कळेल," ती म्हणाली आणि चिमटा लावला. त्यांनी श्वास घेतला. "घ्या, घ्या, अजून घ्या," ती बोलत गेली, आवाज चढत गेला, आणि मग तोफ उडाली.

"फुंका! फुंका बाबा, जोरात! राखू नका! सोडा! सोडा सगळं! अजून! अजून! अजून!"

खिडकीची काच थरथरली म्हणतात. थरथरली असेलही. सासरे खुर्चीत असे उडाले की त्यांना जपून सोडायचं सुचलंच नाही. हवा धाडकन बाहेर पडली. पडद्यावर रेघ सरळ वर गेली, एकदम सुळका! "थांबू नका! अजून आहे आत! मला माहीत आहे! अजून!" चेहरा लालबुंद, डोळे बाहेर, पण बाबा फुंकत होते. खोटं कशाला सांगू, त्यांना मजा यायला लागली होती. दुसरी फुंक पहिलीपेक्षा चांगली आली. तिसरी अर्ध्यावर होती तेव्हा दार धाडकन उघडलं.

"कोण आहे ही बया?" दारात सासूबाई, पदर खोचलेला, पर्स उगारलेली. "माझ्या नवऱ्यावर ओरडते कोण? मोठ्या माणसाशी बोलायची ही काय..." आणि त्यांनी बघितलं. पर्स हळूहळू खाली आली. "सूनबाई?"

"आई, जरा थांबा!" सून पडद्यावरची नजर न काढता गरजली. "बाबा, तुम्ही थांबू नका! अजून, अजून... बस्स!"

सासऱ्यांनी नाकाचा चिमटा काढला, मोठा श्वास घेतला आणि बायकोकडे वळले. "अगं, ऐकलंस का? केवढा आवाज आहे हिचा! आणि मी म्हणतो, ही घरात आहे की नाही कळत नाही!"

भिंतीपलीकडून डॉक्टरीणबाईंच्या टाळ्या ऐकू आल्या. या वेळी सुळका ठिपक्यांच्या रेघेला जवळजवळ जाऊन भिडला होता. फक्त उतार जरासा खोलगट होता. सर्दीनं बारीक नळ्यांना आलेली सूज, डॉक्टरीणबाई म्हणाल्या, औषधाचा पंप ओढा थोडे दिवस, जाईल. आणि बँडमास्तरांना सांगा, ट्रँगल दुसऱ्या कुणाला द्या. सुनेचा जीव भांड्यात पडला. सासऱ्यांनी पेपरमिंटच्या दोन गोळ्या घेतल्या. एक तिथेच खाल्ली, एक बायकोला दिली.

पंपानं नळ्या मोकळ्या झाल्या. पेटी कपाटावरून खाली आली. पण लांब सुराशी आलं की घोडं तिथेच पेंड खायचं. तिथे एकदा सूर विझला होता ना, त्याची भीती बसली होती. घरी रियाजात ते अलीकडेच थांबायचे आणि म्हणायचे, "पुढचं बागेत बघू." पुढचं बागेत काय होईल, या विचारानं घरातल्या सगळ्यांना धाकधूक.

रविवार आला. बाक भरले. सून, नवरा, सासूबाई दुसऱ्या रांगेत. बँड वाजत वाजत त्या जागेला आला, आणि थांबला. क्लॅरिनेटनं सूर धरला. स्वच्छ, गोल, लांब. सुनेच्या मुठी आपोआप वळल्या, छाती आपोआप रिकामी होऊ लागली. बाबांच्या बरोबरीनं ती फुंकत होती, ओठ हलत होते, अजून, अजून. पण भर बागेत ओरडणार कशी? सूर गेल्या वेळच्या जागेपाशी पोचला. किंचित थरथरला. क्लॅरिनेटवरून बाबांचे डोळे त्यांच्या रांगेकडे वळले, आणि तिला कळलं, ते राखायला लागले आहेत.

"सोडा हो! अजून आहे आत! सोडा सगळं!"

अख्ख्या बागेच्या माना त्या रांगेकडे वळल्या. बँडमास्तरचा हात हवेतच राहिला. पण सूर उसळला, भरून आला, आणि असा लांबला, असा लांबला की तो संपायच्या आधीच लोकांनी टाळ्या सुरू केल्या. बाकीचा बँड त्या टाळ्यांतच कसाबसा सुरू झाला.

घरी जाताना सासरे पेटी काखेत मारून सुनेच्या बाजूनं चालत होते. खुशीत होते. "सूनबाई, वेळेवर ओरडलीस हो. वाचवलंस."

"मी नाही ओरडले, बाबा."

"मग?"

तिनं मागे मान वळवली. सासूबाई पर्स छातीशी धरून, जसं काही झालंच नाही अशा चेहऱ्यानं झाडांकडे बघत येत होत्या. सासरे रस्त्यातच थांबले.

"तू?" ते म्हणाले. "अगं, तू? एवढा आवाज? होता कुठे इतकी वर्षं?"

"आतच होता," सासूबाई म्हणाल्या. "तुमचा रियाज चालू होता ना."